बोलिंग मशीनसाठी रिमोटवर चालणारा बॉल फीडर: पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी

बोलिंग मशीन आलं की बोलर लागत नाही, असं बाहेरून वाटतं. नेटवर गेलं की कळतं, एक माणूस तरीही लागतोच. तो मशीनमागे स्टुलावर उभा राहतो, बादलीतला बॉल उचलतो, हात वर करून बॅटरला दाखवतो आणि मग मशीनच्या तोंडात सोडतो, तिथली दोन फिरती चाकं तो पकडून फेकतात. दादरच्या आमच्या नेटवर माझ्या भाचीसाठी हे काम मी सलग दोन उन्हाळे केलं. पोटापाण्यासाठी मी कंट्रोल पॅनलचं वायरिंग करते. तिसऱ्या उन्हाळ्याआधी मनाशी ठरवलं की हे स्टुलावरचं काम यंत्राकडे द्यायचं. फीडर तीन वेळा बनवला. तिसरा आज चालतोय आणि हा लेख त्याचा आहे. पहिल्या दोघांचं काय चुकलं तेही सांगते, कारण नवा माणूस बहुतेक त्याच वाटेने जातो.

फीडरकडे दोन कामं असतात. एका वेळी एकच बॉल सोडायचा, आणि तो येतोय हे बॅटरला आधी कळवायचं. पहिल्या कामावर सगळे डोकं लावतात. दुसरं राहून जातं, आणि मग चांगलं बनवलेलं यंत्रसुद्धा नेटच्या कोपऱ्यात धूळ खात पडतं.

आधी हे वाचा, मग स्क्रूड्रायव्हर उचला

ताशी १०० किलोमीटर वेगाने बॉल सोडायचा तर मशीनच्या चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ २८ मीटर हवा. चाक ३० सेंटिमीटर व्यासाचं धरा, म्हणजे ते मिनिटाला साधारण १,८०० फेरे फिरतंय. तिथे अडकलेला बॉल बोटाने ढकलायचा विचारही नको. चाकं पूर्ण थांबेपर्यंत हात, ओढणी, लोंबती वायर, काहीही जवळ न्यायचं नाही.

फीडर आला म्हणून मुलाला नेटमध्ये एकटं सोडायचं नाही. मशीनजवळ एक मोठा माणूस हवाच. आता त्याला स्टुलावर उभं राहावं लागत नाही आणि बॅटिंगकडे नीट बघता येतं, एवढाच बदल. बॅटर हेल्मेट घालूनच क्रीजवर येईल. आणि फीडर नवा असताना किमान शंभर बॉल चाकं बंद ठेवून, खाली बादली लावून सोडून बघायचे. मी दुसऱ्या फीडरच्या वेळी ही पायरी गाळली. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

बॉलचं माप घ्या

सगळी लांबी-रुंदी बॉलवरून ठरते, म्हणून सुरुवात तिथून. पुरुषांच्या क्रिकेटचा बॉल नियमाप्रमाणे १५५.९ ते १६३ ग्रॅमचा आणि घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास ७१ ते ७३ मिलिमीटरच्या दरम्यान येतो. महिलांचा बॉल थोडा लहान, १४० ते १५१ ग्रॅम आणि घेर २१ ते २२.५ सेंटिमीटर. मशीनसाठी मिळणारे खळगेवाले प्लास्टिकचे बॉल सीझन बॉलच्याच मापाचे असतात आणि मशीनमध्ये मी तेच वापरते. चामड्याच्या बॉलची शिलाई चाकात कशी पकडली जाईल ते दर वेळी बदलतं, ओला झाला की चाकावर घसरतो, आणि मग एकाच सेटिंगवर एक यॉर्कर येतो नि दुसरा छातीवर.

कोणी बेसबॉलच्या पिचिंग मशीनसाठी बनवणार असेल तर त्याचा बॉल ७३ ते ७५ मिलिमीटरचा असतो. खालची मापं त्यालाही चालतील. टेनिस बॉल मात्र ६५ ते ६९ मिलिमीटरचा. त्याला मापं बदलावी लागतील. वेगवेगळ्या मापांचे बॉल एकाच फीडरमध्ये कधीही एकत्र भरू नका.

व्हर्नियर कॅलिपर नसेल तर टेबलावर बॉल दोन पुस्तकांमध्ये पकडा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. सहा बॉल मोजा आणि सगळ्यात मोठा असेल तो धरा.

पहिले दोन फीडर

पहिला फीडर सगळ्यांना सुचतो तोच: वर बादली, खाली नरसाळं, मग पाइप आणि पाइपमध्ये सर्वो मोटरने उघडझाप करणारी झडप. नरसाळ्याच्या तोंडाशी दोन बॉल एकदम आले की दारात दोन माणसं एकदम घुसावीत तसे अडकतात आणि वरचे सगळे थांबतात. काठीने हलवलं की सुटतात. आणि सुटले की झडप बंद व्हायच्या आत पहिल्याच्या पाठोपाठ दुसराही निसटतो. बॅटर पहिला बॉल खेळून डोकं वर करतो तेव्हा दुसरा निघालेला असतो. हे मी दोनदा बघितलं आणि ते डिझाइन सोडून दिलं.

दुसऱ्यात फिरती चकती आणली: तिच्या भोकांत, म्हणजे खणांत, बॉल ठेवायचे आणि ती फिरली की खालच्या एका भोकातून एकेक पडतो. मूळ कल्पना बरोबर होती, तिसऱ्यातही तीच आहे. चूक होती ती चकती कुठे थांबते यात, आणि ती चूक पुढे चकतीसोबतच समजेल.

सामान

मुंबईत हे सगळं एका दिवसात जमतं, फक्त रविवारी जाऊ नका. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), ४३३ मेगाहर्ट्झचा चार बटणांचा रिमोट आणि त्याचा रिसीव्हर, एक रिले बोर्ड (नॅनोच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा स्विच), १२ व्होल्टचं ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर, लिव्हरवाला मायक्रोस्विच, बझर आणि १२ व्होल्टची १० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला दहा फेऱ्यांची, गिअर मोटर मिळते. वायर, फ्यूज होल्डर, लाल मशरूम बटण लोहार चाळीत. बेअरिंग, नट-बोल्ट, होल-सॉ (ड्रिलला लावून मोठं गोल भोक पाडणारं पातं) नागदेवी स्ट्रीटला. मशीनचे बॉल धोबी तलावला खेळाच्या दुकानांत विचारा. बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सील्ड, यूपीएसमध्ये असते ती.

मोटर घेताना दुकानदार सांगेल त्या टॉर्कच्या आकड्यावर जाऊ नका, आपला हिशोब आपण करा. चकतीत एका वेळी अकरा बॉल असतात, त्यांचं वजन पावणेदोन किलो. ते चकतीच्या मधापासून १७ सेंटिमीटरवर ढकलत न्यायचेत. घर्षणापोटी त्याच्या तीन-चार दशांश जोर लागतो, म्हणजे नऊ ते बारा किलो-सेंटिमीटर. चकती थोडी वाकडी असते, पावसात फुगते, म्हणून तीस किंवा त्याहून जास्त टॉर्कची मोटर घ्या.

चकती

१२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या. दोन गोल कापायचे: खालचा स्थिर ४६० मिलिमीटर व्यासाचा, वरचा फिरता ४४० चा. वरच्यावर मधापासून १७० मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्यावर बारा खणांचे मध्यबिंदू हवेत. शाळेतली युक्ती इथे कामी येते: कंपासात तीच १७० ची त्रिज्या ठेवून वर्तुळावर खुणा करत गेलं की बरोबर सहा भाग पडतात, मग प्रत्येक भाग दुभागायचा. दोन शेजारच्या खणांच्या मध्यांत ८८ मिलिमीटर अंतर येईल.

प्रत्येक खुणेवर ७८ मिलिमीटरचं भोक. ७६ चा होल-सॉ सहज मिळतो. त्याने भोक पाडा आणि कानशीने दोन मिलिमीटर वाढवा. बॉल ७३ चा असताना ७८ कशाला, असं सुताराने मलाही विचारलं. जुलैमध्ये प्लाय फुगतो आणि पॉलिशचे दोन हात आतूनही बसतात. मी सुरुवातीला ७५ ठेवलं होतं, आणि पहिल्याच मुसळधार आठवड्यात बॉल खणात रुतून बसले.

फिरती चकती खालच्या प्लायला चिकटून बसवू नका. बॉलला पोटाच्या उंचीवर ढकलायला हवं. खाली ढकललं की तो चकतीच्या कडेवर चढायला बघतो. म्हणून दोन्ही प्लायमध्ये ३० मिलिमीटरची फट ठेवा. मधोमध जेवणाच्या टेबलावरच्या फिरत्या ट्रेचं बेअरिंग बसवा आणि राहिलेली उंची प्लायच्या तुकड्यांनी भरून काढा. चकतीचं वजन बेअरिंग घेईल, मोटर फक्त फिरवेल. मोटर खालून येते, तिचा शाफ्ट मधल्या भोकातून वर, त्यावर लोखंडी हब आणि हबचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर. स्क्रूला लॉकिंगचा गोंद लावा, नाहीतर मशीनच्या थरथरीने तो आठवड्यात ढिला होतो.

खालच्या स्थिर प्लायला, त्याच १७० च्या वर्तुळावर, एकच भोक पाडायचं: ८४ मिलिमीटरचं. बॉल इथून पडणार.

आता ती थांबण्याची गोष्ट. दुसऱ्या फीडरमध्ये मी चकती दोन खणांच्या मधोमध थांबवत होते. भोकाच्या एका बाजूला एक बॉल, दुसऱ्या बाजूला दुसरा. कागदावर ते सुरक्षित दिसतं. हिशोब करा: खणांत ८८ चं अंतर, म्हणजे भोकाच्या मध्यापासून प्रत्येक बॉल ४४ मिलिमीटरवर. भोकाची त्रिज्या ४२. बॉल फक्त दोन मिलिमीटरच्या काठावर टेकलेला असतो, आणि खणात त्याला इकडे-तिकडे अडीच मिलिमीटरची मोकळीक आहे. एका संध्याकाळी चाकं चालू होती, कोणीही बटण दाबलं नव्हतं, आणि थरथरीने एक बॉल सरकून पडला. भाची क्रीजवर वाकून पॅडचा पट्टा लावत होती. बॉल तिच्या हेल्मेटवरून मागच्या जाळीत गेला. नेटवरच्या कोच सरांनी काही न बोलता मशीनची वायर काढली. मी त्या दिवशी घरी येऊन फीडर उघडला तो पुढचे तीन आठवडे परत नेला नाही.

तिसऱ्यात चकती थांबते तेव्हा भोकावर नेहमी रिकामा खण असतो. पुढचा बॉल ८८ मिलिमीटर दूर, घट्ट प्लायवर. कितीही थरथरलं तरी तो पडूच शकत नाही. याचा अर्थ बारा खणांत अकराच बॉल भरायचे. भोकावरचा खण लाल रंगवा, म्हणजे तो रिकामा ठेवायचा हे घाईतही लक्षात राहतं. चकती फिरली की लाल खण पुढे जातो, म्हणून रंग खालच्या स्थिर प्लायवर, भोकाच्या कडेलाही लावा.

चकती नेमकी तिथे थांबवायचं काम मायक्रोस्विच करतो. चकतीच्या कडेला बाहेरून बारा छोटे स्क्रू, प्रत्येक खणाच्या समोर एक. स्विच स्थिर प्लायवर एका लांबट खाचेत बसवा, म्हणजे पाच-सात मिलिमीटर मागेपुढे सरकवता येईल. ही खाच तुमचे दोन तास वाचवेल.

स्विचऐवजी इन्फ्रारेड सेन्सर लावायचा मोह होतो. घरात ट्यूबलाइटखाली तो छान चालतो. मैदानावर दुपारच्या तिरप्या उन्हात सूर्यच त्याला सतत ‘काहीतरी समोर आहे’ असं सांगतो. मायक्रोस्विचला ऊन समजत नाही.

पाइप

प्लंबिंगच्या दुकानात जाताना खिशात बॉल ठेवा. ७५ मिलिमीटरचा पाइप म्हणजे बाहेरचा व्यास ७५, आतून बॉल जातच नाही. ११० च्या पाइपमध्ये बॉल डावी-उजवीकडे हेलकावतो आणि मशीनमध्ये दर वेळी वेगळ्या जागी पडतो. ९० चा घ्या, ज्याला दुकानदार तीन इंची म्हणतो.

साठ सेंटिमीटर लांबी, साधारण २० अंशांचा उतार. या उतारावरून बॉल पाऊण सेकंदात खाली येतो. पाइपचं खालचं टोक मशीनच्या स्वतःच्या तोंडाशी सरळ रेषेत आलं पाहिजे. बॉल दोन्ही चाकांच्या बरोबर मधे गेला नाही तर लाइन बिघडते. पाइप मशीनला घट्ट बांधू नका. मशीनचं डोकं फिरवून लेंथ बदलतात, तेव्हा पाइपलाही थोडं हलता यायला हवं. मी सायकलच्या ट्यूबचा रुंद तुकडा दोघांमध्ये बांधलाय. बॉलच्या वाटेत त्याची घडी येऊ देऊ नका.

आणि पाइपचा वरचा अर्धा भाग ४० सेंटिमीटर लांबीत कापून टाका, पन्हळ होईल असा. का, ते पुढे सांगते.

वायरिंग

फीडरला स्वतःची बॅटरी द्या. आपल्या मैदानांवर प्लग पॉइंट नसतो म्हणून बरीच मशीनं बॅटरीवर चालतात, आणि फीडर त्याच बॅटरीला जोडावा असं वाटतं. बॉल चाकांत शिरतो त्या क्षणी मशीनची मोटर जोरात करंट ओढते, व्होल्टेज खाली बसतं आणि नॅनो मधेच रीस्टार्ट होतो. ७ अँपिअर-अवरची वेगळी बॅटरी फीडरला दिवसभर पुरते, कारण मोटर एका बॉलला अर्धा सेकंदच चालते.

बॅटरीच्या प्लसवरून पहिल्यांदा ५ अँपिअरचा फ्यूज, मग लाल मशरूम बटण, मग बाकी सगळं. हे बटण दाबलं की मोटर, नॅनो, दिवा, सगळं मेलं पाहिजे. फक्त नॅनोला ‘थांब’ सांगणारं बटण पुरत नाही. रिलेचे काँटॅक्ट चिकटले तर नॅनो काहीही म्हणाला तरी मोटर फिरतच राहते.

बक कन्व्हर्टर आधी एकटा जोडा, मल्टिमीटर लावा, स्क्रू फिरवून ५ व्होल्ट करा आणि मगच नॅनो जोडा. नवा कन्व्हर्टर कुठल्या व्होल्टेजवर लावलेला येईल याचा भरवसा नसतो.

मोटर रिलेने चालवा, पण जोडणी अशी करा: मोटरचं एक टोक मायनसला. दुसरं टोक रिलेच्या कॉमनला. रिलेचा ‘नॉर्मली ओपन’ १२ व्होल्टला आणि ‘नॉर्मली क्लोज्ड’ मायनसला. रिले चालू असताना मोटर फिरते. रिले सुटला की मोटरची दोन्ही टोकं आपसांत जोडली जातात, फिरती मोटर स्वतःच वीज तयार करून स्वतःलाच अडवते आणि चकती जागच्या जागी थांबते. नुसता करंट तोडला तर चकती पाच-दहा अंश पुढे सरकते आणि रिकामा खण भोकावरून हलतो. पॅनलच्या कामात मी हे ब्रेकिंग रोज करते. या फीडरमध्ये त्याच्याशिवाय अचूक थांबणं मला जमलं नाही. मोटरच्या दोन टोकांवर १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर टाका आणि ५ व्होल्टच्या लाइनवर १,००० मायक्रोफॅरडचा. मोटरची खरखर नॅनोपर्यंत पोचत नाही.

प्रोग्रॅम

कोड लिहिण्याआधी फीडरच्या अवस्था कागदावर मांडा. माझ्या चार आहेत.

‘शांत’: काही हलत नाही, रिमोटची वाट बघतो. ‘दाखव’: दिवा लागतो, बझर एकदा वाजतो, तीन सेकंद जातात. ‘सोड’: रिले चालू. आधी मायक्रोस्विच सध्याच्या स्क्रूवरून सुटायची वाट, मग पुढच्या स्क्रूवर दाबला जायची वाट, लगेच रिले बंद. १० आरपीएमला एक खण पुढे जायला अर्धा सेकंद लागतो. दीड सेकंदात पुढचा स्क्रू आला नाही तर काहीतरी अडकलंय, म्हणून रिले बंद करून चौथ्या अवस्थेत जा: ‘बिघाड’. बझर लांब वाजत राहतो आणि लाल बटण दाबून पुन्हा सोडेपर्यंत फीडर कोणाचंही ऐकत नाही. रिमोटने बिघाड पुसता येणार नाही असंच ठेवा. माणसाने जवळ जाऊन, चाकं थांबवून बघितलं पाहिजे.

दोन बॉलमध्ये किमान आठ सेकंद ठेवा. बॉल जाताना चाकांचा वेग थोडा पडतो आणि परत यायला वेळ लागतो. घाईने दुसरा टाकला तर तो हळू येतो, आणि बॅटरचं टायमिंग उगाच बिघडतं.

नवी मंडळी इथे एक चूक हमखास करतात: थांबण्यासाठी ‘डिले’ वापरतात. डिले चालू असताना नॅनो बहिरा असतो, रिमोटचं थांबवायचं बटण त्याला ऐकूच येत नाही. वेळ मोजायला ‘मिलिस’ वापरा. प्रत्येक फेरीत घड्याळ बघायचं आणि बटणंही बघायची.

आणखी एक. बाजारातले बरेच रिले बोर्ड उलट्या तर्काचे असतात, पिन ‘लो’ झाली की चालू. सुरू होताना पिन क्षणभर लो झाली तरी रिले टक् करतो आणि चकती हलते. म्हणून सेटअपमध्ये पिनला आधी ‘हाय’ लिहा, मगच तिला आउटपुट करा.

रिमोट

या रिसीव्हरवर एक छोटं शिकवायचं बटण असतं. ते किती वेळा दाबून रिमोट जोडता त्यावर तो कसा वागेल ते ठरतं: बटण दाबून ठेवेपर्यंतच चालू, किंवा एकदा दाबलं की चालू नि पुन्हा दाबलं की बंद, किंवा एक चालू झालं की बाकीची बंद. आपल्याला पहिला प्रकार हवा. कुठला आकडा कशासाठी ते त्या रिसीव्हरच्या कागदावर असतं. शेजारच्या नेटवाल्याने तसाच फीडर बनवला तर त्याला त्याचा रिमोट शिकवायचा, तुमचा नाही.

अँटेना म्हणून रिसीव्हरला १७.३ सेंटिमीटर सरळ वायर लावा. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६९ सेंटिमीटर, त्याचा हा चौथा भाग. वायर गुंडाळून डब्यात कोंबली की पल्ला निम्म्यावर येतो. लोखंडी जाळीही लहर खाते, त्यामुळे मशीनपासून क्रीजपर्यंतच्या २२ यार्डांत प्रत्यक्ष उभं राहून तपासा.

बटणं माझ्याकडे अशी: पहिलं, एक बॉल. दुसरं, सहा बॉलची ओव्हर, दहा सेकंदांच्या अंतराने. तिसरं आणि चौथं, दोन्ही ‘थांब’. धांदलीत बोट कुठल्याही एकावर पडलं तरी चालतं. ओव्हर चालू असताना पहिलं किंवा दुसरं दाबलं तरीही फीडर थांबतोच. सहा बॉल झाले की तो आपोआप शांत होतो, पुन्हा कोणीतरी मुद्दाम सांगावं लागतं.

ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने रिमोट दाबता येत नाही, म्हणून तो बॅटरकडे देऊ नका. बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असू दे. ओव्हर सुरू करताना पहिल्या बॉलआधी मी पंधरा सेकंद ठेवलेत, गार्ड घ्यायला.

बॉल दाखवणं

तिसरा फीडर नेटवर पहिल्यांदा लावला तेव्हा त्यात फक्त बझर होता. बॉल एकेक येत होते, लाइन बरोबर होती, मला समाधान वाटत होतं. भाची मात्र सारखी चुकत होती. पाय लवकर निघत होता, बॅट वर जाऊन मधेच थांबत होती. चार ओव्हरनंतर ती मशीनपाशी आली. “आत्या, तू हात वर करायचीस ना, तेव्हा मला कळायचं. आता बॉल एकदम येतो.”

दोन उन्हाळे मी जो हात वर करत होते त्याला मी कामाचा भाग समजलेच नव्हते. बोलर धावत येतो, उडी मारतो, हात फिरवतो, आणि बॅटरचं शरीर त्या लयीवर तयार होतं. मशीनला रनअप नाही. बॉल ताशी १०० ने निघाला की पाऊण सेकंदही मिळत नाही. त्यामुळे तयारीची वेळ बॉल निघायच्या आधीच द्यावी लागते, आणि ती दर वेळी सारखी असावी लागते.

म्हणून पाइप वरून कापला. चकतीतून पडलेला बॉल पन्हळीतून घरंगळत खाली येताना बॅटरला दिसतो. पन्हळ आतून काळी रंगवली, कारण आमचे बॉल पांढरे आहेत. पिवळ्या बॉललाही काळी चालेल, लाल बॉल असतील तर पांढरी करा. फीडर मशीनपेक्षा उंच आणि मागे असल्याने क्रीजवरून ती पाऊण सेकंदाची घरंगळ स्पष्ट दिसते. तो झाला रनअप.

त्याआधी दिवा. मोटरसायकलचा १२ व्होल्टचा एलईडी फॉग लॅम्प वापरा, साधा छोटा एलईडी उन्हात दिसत नाही. त्याच्यावर टोपीसारखा पत्रा वाकवा. दिवा बॉल जिथून बाहेर येतो त्याच्या अगदी जवळ लावा. दूर लावला तर बॅटरची नजर दिव्यावर राहते आणि बॉल बाजूने निघून जातो. दिवा तीन सेकंद स्थिर जळतो आणि चकती हलायला लागताच विझतो. विझला की नजर आपोआप पन्हळीवर येते. दिवा लागल्यापासून बॉल बाहेर पडेपर्यंत चार-साडेचार सेकंद, आणि प्रत्येक वेळी तेवढेच. तीनचे दोन करून बघितले, भाचीला घाई वाटली. पाच केले तर स्टान्समध्ये ताठरली. तुमच्या खेळाडूला विचारून ठरवा.

नेटवर नेण्याआधी

चाकं बंद, खाली बादली, शंभर बॉल. कागदावर खुणा करा: बटण दाबलं आणि एकच पडला, काहीच पडला नाही, दोन पडले. ‘दोन’च्या खाली एकही खूण आली तरी थांबा आणि कारण शोधा. मग चकती भरून ठेवा आणि तासभर तशीच राहू द्या. प्लायच्या कडेला हाताने थापा मारा, स्टँड हलवा. बटण न दाबता एकही बॉल पडता कामा नये. एका खणात मुद्दाम कापडाचा बोळा कोंबा आणि ‘बिघाड’ खरंच लागतो का ते बघा. ओव्हर चालू असताना लाल बटण दाबा. रिमोटचा सेल काढून बघा.

मग चाकं चालू करा, पण क्रीजवर कोणी नको. वीस बॉल रिकाम्या नेटमध्ये. त्यानंतर बॅटर, कमी वेगाने.

बॉल भरताना क्रम ठरलेला असू दे: बॅटर बाजूला, चाकं बंद, लाल बटण दाबलेलं, मग भरा. सरांनी आमच्याकडे हे पाठ करून घेतलंय. भाचीच काय, अंडर-१२ ची मुलंसुद्धा भरायच्या आधी “लाल?” असं ओरडून विचारतात.

पावसाळा

मुंबईत पावसातही क्रिकेट थांबत नाही. १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग ही पावसाळ्यातली स्पर्धा म्हणूनच ओळखली जाते. फीडरला मात्र ही हवा मानवत नाही. खारट दमट हवेने मायक्रोस्विचचा लिव्हर गंजतो, म्हणून स्टेनलेस लिव्हरवाला शोधा किंवा दर पंधरा दिवसांनी मशीन ऑइलचा एक थेंब द्या. नॅनो आणि रिले झाकणाच्या डब्यात, वायर खालून आत घ्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून डब्यात शिरत नाही. ओले बॉल पुसूनच भरा. बॅटरी महिन्यातून एकदा तरी चार्ज करा, उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर ती खराब होते आणि नवी घ्यावी लागू शकते.

आणि सगळं चार बोल्टवर सुटं होईल असं बांधा. माझी चकती, स्टँड आणि बॅटरी तीन पिशव्यांत मावतात. गर्दीच्या वेळेआधी लोकलच्या सामानाच्या डब्यातून नेते. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर टेप लावलेली असते, आणि ४४ सेंटिमीटरची चकती जुन्या चादरीत गुंडाळून उभी ठेवते, म्हणजे मायक्रोस्विचचे बारा स्क्रू कोणाच्या पिशवीत अडकत नाहीत.